दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी: आमच्या एका चुकीच्या बातमीचं प्रकरण

आमच्या पोर्टलवर 'आमच्याबद्दल' म्हणून एक पान आहे. ६ जानेवारी २०२२ ला लिहिलेलं, मुद्दाम पत्रकार दिनाला, कारण बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्याच तारखेला दर्पण सुरू केलं होतं आणि आपलीही सुरुवात त्या दिवशी व्हावी असं आम्हाला मनापासून वाटत होतं. चारच ओळी आहेत त्यात. नाशिकच्या माणसाला नाशिकची खरी बातमी. जाहिरात वेगळी, बातमी वेगळी. आधी खात्री, मग बातमी. चुकलो तर कबूल करू. या चार ओळींना आम्हाला चार दिवस लागले, एकेका शब्दावरून वाद झाले, आणि त्यानंतर पुढचे तीन पावसाळे आमच्यापैकी एकानेही ते पान परत उघडून बघितलं नाही. हे मी आधीच सांगतेय कारण पुढचं सगळं प्रकरण त्यातल्या शेवटच्या दोन ओळींचं आहे.

आम्ही सहा जण. गंगापूर रोडला दोन खोल्यांचं ऑफिस, क्लासेस आणि दुकानांच्या जाहिराती, आणि काही वाचक महिन्याला शंभर रुपये पाठवतात त्यावर चालतं. मागे कुठला ग्रुप नाही, पक्ष नाही, बिल्डर नाही. स्वतंत्र म्हणजे एवढंच.

त्या रात्री काय झालं

ऑगस्ट महिना. दुपारपासून त्र्यंबक-अंबोलीकडे जोरदार पाऊस होता आणि संध्याकाळी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला. नाशिकात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही की धरणातून पाणी सोडलं म्हणजे लगेच पूर आला असं नसतं, पाणी गोदावरीवरच्या रामकुंडापर्यंत यायला वेळ जातो, आणि आपल्याकडे पूर आकड्यात मोजत नाहीत, रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दोन तोंडांच्या मूर्तीवर, दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. छातीच्या वर गेलं की सराफ बाजार, भांडी बाजारवाले झोपत नाहीत. डोक्यावरून गेलं की महापूर. माझी आजी १९६९ चा पूर सांगायची, माझ्या वयाच्यांना २००८ चा आठवतो, डेस्कवरच्या पोरांना २०१६ आणि २०१९ चा, पण खूण सगळ्यांची एकच, मारुती.

रात्रपाळीला आमचा एकच मुलगा होता, आमच्याकडे येऊन पाच महिने झालेले. सव्वाअकराच्या सुमारास त्याला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून एकच व्हिडिओ आला, मारुतीच्या गळ्यापर्यंत गढूळ पाणी, मागे लोकांचा आरडाओरडा, आणि खाली मेसेज की गंगापूरचे सगळे दरवाजे उघडलेत, काठावरच्यांनी ताबडतोब निघा. त्याने कंट्रोल रूमला फोन लावला, लाइन बिझी, परत लावला, परत बिझी. तेवढ्यात दुसऱ्या दोन पेजवर तोच व्हिडिओ पडला. अकरा पंचेचाळीसला त्याने आपल्याकडे टाकला. 'आत्ताची दृश्यं, दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी, गोदाकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं.' नोटिफिकेशन गेलं, आमच्या चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गेलं, रीलही झाली.

त्या वेळी पाणी मारुतीच्या गुडघ्याला होतं.

साडेबाराला भांडी बाजारातल्या एका वाचकाने मेसेज केला की व्हिडिओत उजव्या बाजूला जे दुकान दिसतंय त्याचा बोर्ड बदलून तीन वर्षं झाली, हा व्हिडिओ जुना आहे. मुलगा तोपर्यंत दारणा धरणाच्या विसर्गाच्या बातमीत गुंतला होता, त्याने मेसेज एक दहाला बघितला आणि लगेच मला उठवलं. एक वीसला आम्ही सगळीकडून व्हिडिओ खाली घेतला. म्हणजे दीड तासाच्या वर तो आमच्या नावाने फिरला. व्हिडिओ ४ ऑगस्ट २०१९ च्या पुराचा निघाला, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की आमच्या व्हिडिओग्राफरने पोर्टल सुरू होण्याआधी, त्या पुराच्या दिवशी, त्याच घाटावरून काढलेलं फुटेज आमच्याच ऑफिसातल्या हार्ड डिस्कमध्ये पडून होतं. शेजारी शेजारी लावून बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

दीड तासात काय काय झालं ते दुसऱ्या दिवशी फिरून गोळा केलं. भांडी बाजारातल्या एका दुकानदाराने रात्री हमाल बोलावून तांब्या-पितळेचा सगळा माल पावसात माडीवर चढवला, टेंपोला रात्रीचा दर दिला. घाटावरच्या दोन टपऱ्या लोकांनी ढकलत ढकलत वर नेल्या. आणि खाली निफाड तालुक्यात, सायखेड्याजवळ, एक कुटुंब गुरं सोडून, म्हातारीला घेऊन रात्री एक वाजता शाळेत जाऊन बसलं. म्हातारी चिखलात घसरली, हात दुखावला. हे ऐकल्यावर ऑफिसात कुणी बराच वेळ काही बोललं नाही.

गुपचूप डिलीट करायचं की नाही

सकाळी नऊला बसलो. आमचा जाहिराती आणि हिशोब बघणारा भागीदार म्हणाला, व्हिडिओ काढलाय ना, झालं तर मग, इतर पेजवाल्यांनीही काढला आणि एक शब्द बोलले नाहीत, आपण कशाला गावभर दवंडी पिटायची. त्याचं म्हणणं मी वाईट ठरवत नाही, पगार कुठून निघतो हे त्यालाच बघावं लागतं, आणि कायद्याचीही धास्ती होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये कलम ५४ आहे, आपत्तीबद्दल खोटी धोक्याची सूचना पसरवून घबराट झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तो म्हणाला, लेखी कबूल केलं की तेच आपल्यावर वापरतील. वकिलांशी बोललो, ते शांतपणे म्हणाले की चूक कळल्यावर तुम्ही काय केलंत हेही कागदावर असू द्या, ते तुमच्याच कामाचं आहे.

पण माझ्यासाठी निर्णय कायद्यावर ठरणार नव्हता. मी ऑफिसातल्या सगळ्यांना राईनपाड्याची आठवण करून दिली. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी आलीय अशा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेतून जमावाने पाच माणसं ठेचून मारली. त्या महिन्यातल्या अशाच घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. अफवा पसरवणाऱ्यांना कुणी बातमीदार म्हणत नव्हतं, आपल्याला म्हणतात, आपला लोगो बघून लोक खरं धरतात, मग लोगो लावून गेलेली गोष्ट लोगो लावूनच परत घ्यायला नको का. गुपचूप काढलं तर ज्याच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ उतरलाय त्याच्यासाठी तो खराच राहणार, आणि पुढच्या पुरात तोच परत फिरणार, आमच्या लोगोसकट.

तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, कबूल करायचं.

मग शब्दावरून भांडण. कुणी म्हणालं 'अपडेट' लिहू, कुणी 'स्पष्टीकरण'. हे दोन्ही शब्द मला चीड आणतात, कारण अपडेट म्हणजे परिस्थिती बदलली, आणि इथे परिस्थिती बदललेली नव्हती, आम्ही चुकलो होतो. स्पष्टीकरण म्हणजे वाचकाला कळलं नाही म्हणून समजावून सांगणं, वाचकाला तर आमच्याआधी कळलं होतं. 'दुरुस्ती' बरा शब्द आहे, पण तो स्पेलिंग चुकलं तरी वापरतात. रात्रपाळीचा मुलगा कोपऱ्यात बसला होता, तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, 'ताई, सरळ आमची चूक झाली असं लिहा ना, घरी आपण तसंच म्हणतो.' तेच हेडिंग केलं.

चूक नक्की कुणाची

एक सूचना अशीही आली की खाली लिहावं, संबंधित कर्मचाऱ्याला समज देण्यात आली आहे. सरकारी खात्यासारखी. मी नाही म्हटलं, आणि ते त्या पोराची दया आली म्हणून नाही.

मी मागच्या तीन महिन्यांचे आमच्या ऑफिस ग्रुपवरचे माझेच मेसेज काढून वाचले. 'त्यांच्याकडे आलं, आपल्याकडे का नाही?' 'आपण पाच मिनिटं लेट.' 'मस्त, सगळ्यांच्या आधी!' आणि भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर रोज कोणाच्या बातमीला किती व्ह्यूज ते मीच मार्करने लिहायचे. पानावर लिहिलेलं 'आधी खात्री, मग बातमी', आणि भिंतीवर रोज लिहिलं जातंय ते बरोबर उलटं. पाच महिने झालेला मुलगा कुठलं खरं मानणार? त्याने पान वाचलंच नव्हतं, कुणी दाखवलंच नव्हतं, बोर्ड मात्र रोज दिसत होता. त्याने बोर्डाप्रमाणे काम केलं. पावसाळ्यात, विसर्ग चालू असताना, रात्री एकटं माणूस डेस्कवर ठेवायचा निर्णयही माझा. पैसे वाचवायला घेतलेला.

म्हणून चूक संपादकाची, असंच लिहिलं, खाली माझं नाव. मुलाचं नाव कुठेही नाही.

आणि बातमीत काय नव्हतं तेही बघितलं, कारण चूक फक्त जुन्या व्हिडिओची नव्हती, व्हिडिओ खरा असता तरी ती बातमी कच्चीच होती. किती वाजताचं दृश्य आहे ते नव्हतं. कोणी काढलं ते नव्हतं. आकडा तर नव्हताच. पुराच्या वेळी नाशिकात दोन आकडे वेगवेगळे असतात आणि लोक, अगदी बातमीदारसुद्धा, ते एकात एक मिसळतात. एक गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आणि दुसरा शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणारं पाणी. शहरातही पाऊस पडत असेल तर मधले नाले-ओहोळ येऊन मिळतात आणि पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो, मग कुणीतरी म्हणतं बघा, प्रशासन लपवतंय. लपवत नसतात, दोन जागा वेगळ्या आहेत. आणि क्युसेक म्हणजे किती हे आम्ही कधी वाचकाला सांगितलंच नव्हतं. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८ लिटर. हजार क्युसेक ऐकून सायखेड्याच्या माणसाला जे कळतं ते कॉलेज रोडच्या माणसाला कळत नाही, आणि भीती तिथेच शिरते. एवढं सांगितलं असतं तर ती म्हातारी त्या रात्री घरातच झोपली असती असं मी म्हणत नाही, पण ठरवायला तिच्या मुलाच्या हातात काहीतरी असतं.

कबुली कशी पोचवली

इथे आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि मला वाटतं बाकीच्या छोट्या पोर्टलवाल्यांना यातलंच काही उपयोगी पडेल. साधारणपणे काय होतं, चूक फॉरवर्ड होत होत जाते आणि दुरुस्ती वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात पडते. आम्ही ठरवलं की चूक ज्या ज्या दारातून गेली त्या प्रत्येक दारात कबुली न्यायची. चौदा ग्रुप, तेच चौदा. नोटिफिकेशन, तेही. रीलच्या जागी रील, मी स्वतः कॅमेऱ्यासमोर, मारुतीजवळ उभं राहून, दिवसाउजेडी, मागे खरं पाणी किती आहे ते दिसेल असं. आणि हे सगळं टाकायची वेळ रात्री पावणेबाराची, कारण त्या वेळी जे लोक जागे असतात त्यांनीच तो बघितला होता. सकाळी ऑफिसच्या वेळेतही एकदा परत.

बातमीची लिंक मेली नाही. त्याच लिंकवर आता वर लिहिलंय, इथे अमुक वाजता अमुक व्हिडिओ होता, तो ४ ऑगस्ट २०१९ चा होता, अमुक वाजता काढला, वाचकाने दाखवून दिलं, त्यांचे आभार. व्हिडिओ परत चढवला नाही, पण त्यातलं एक चित्र घेऊन त्यावर आडवं मोठ्या अक्षरात 'जुनं, २०१९' लिहून ते मात्र सगळीकडे सोडलं, की पुन्हा कुणी पाठवलं तर लोकांनी हे उलट पाठवावं. हे खूप फिरलं. कबुलीपेक्षा जास्त फिरलं, खरं तर.

मूळ व्हिडिओ जितक्यांनी बघितला तितक्यांनी कबुली नाही बघितली. निम्म्यांनीही नाही. म्हणून मग आम्ही चालत गेलो. भांडी बाजार, सराफ बाजार, घाट, दुकान टू दुकान, दोघं दोघं. सायखेड्याला मी आणि आमचा भागीदार, जो सकाळी डिलीट करा म्हणत होता तोच गाडी काढून आला. त्या कुटुंबाच्या ओट्यावर बसून सांगितलं. म्हातारीचा मुलगा बराच वेळ ऐकून म्हणाला, 'मॅडम, तुम्ही आलात ते ठीक, पण पुढच्या वेळी खरंच पाणी आलं तर आम्ही तुमचं ऐकायचं का नाही ते सांगा.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही त्या प्रश्नाला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही.

त्यांच्याच एका नातेवाइकाने मग मेलवर रीतसर तक्रारही टाकली. आमच्यासारखी फक्त डिजिटल पोर्टल प्रेस कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत, १९७८ चा तो कायदा वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे. आपल्याला लागू आहेत ते २०२१ चे आयटी नियम, त्यात तक्रार अधिकारी नेमायचा आणि पंधरा दिवसांत तक्रारीवर निर्णय द्यायचा असं आहे. आमच्याकडे तक्रार अधिकारी म्हणून वेबसाइटवर नाव होतं, पण तो मेल आयडी कुणी उघडत नव्हतं, हे त्या दिवशी कळलं. तीन तक्रारी आधीच्या पडल्या होत्या त्यात, एक नाव चुकल्याची, एक फोटो दुसऱ्याच माणसाचा लावल्याची. तिन्ही खऱ्या होत्या. त्यांनाही उत्तरं दिली, त्या बातम्याही दुरुस्त केल्या, तसं वर लिहून. पुराच्या व्हिडिओने ती पेटी उघडायला लावली नसती तर तो फोटोतला माणूस अजून वाट बघत बसला असता.

एका जाहिरातदाराचा फोन आला की तुमच्या कबुलीच्या पोस्टशेजारी आमचा बॅनर दिसतोय, ते बरं दिसत नाही, पोस्ट काढा नाहीतर बॅनर काढा. बॅनर काढला, उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले. त्या महिन्यात पगार दहा दिवस उशिरा झाले. शंभर रुपये पाठवणाऱ्यांतले काही गेले, काही नवीन आले, मोजून बघितलं तर थोडेसे कमीच झाले, म्हणजे कबूल केलं की लोक लगेच डोक्यावर घेतात असं काही नसतं.

त्यानंतर काय बदललं

बोर्ड पुसला. आता त्यावर पावसाळ्यात नंबर लिहिलेले असतात, घाटाजवळ राहणाऱ्या, पुलाजवळ दुकान असलेल्या, सायखेडा-चांदोरीच्या माणसांचे, ज्यांना फोन करून विचारायचं की डोळ्यासमोर काय दिसतंय. पुराचा कुठलाही व्हिडिओ यातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय जात नाही, मग बाकी सगळ्यांनी टाकलेला का असेना. विसर्गाच्या प्रत्येक बातमीत आकडा कुठला, धरणाचा की होळकर पुलाखालचा, आणि किती वाजताचा, हे पहिल्याच ओळीत. जोराचा पाऊस असेल तर रात्री दोन माणसं, त्याचा खर्च मी दुसरीकडून काढते. 'आमच्याबद्दल'च्या पानावर पाचवी ओळ टाकली नाही, आहेत त्या चार पुरेशा होत्या, फक्त चौथ्या ओळीखाली आता आमच्या सगळ्या चुकांच्या लिंक आहेत, तारखेसकट. नवीन कुणी जॉइन झालं की पहिल्या दिवशी ती यादी वाचायला देतो. रात्रपाळीचा मुलगा आमच्याकडेच आहे, तोच वाचायला देतो.

मागच्या पावसाळ्यात पहिला मोठा विसर्ग झाला तेव्हा आम्ही बाकीच्यांपेक्षा चाळीस मिनिटं मागे होतो. भागीदाराने घड्याळाकडे बघितलं, काही बोलला नाही.

भांडी बाजारातले ते दुकानदार, ज्यांनी रात्रभर माल चढवला, त्यांना आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी बसाही म्हटलं नव्हतं. म्हणाले, तुमचा ग्रुप मी सोडला, परत येणार नाही, आणि आले नाहीत. पण घाट त्यांच्या माडीवरून सरळ दिसतो म्हणून रात्रपाळीच्या मुलाने धीर करून त्यांचा नंबर मागितला होता, आणि बोर्डवर तो सगळ्यात वर आहे. मागच्या पावसाळ्यातल्या त्या विसर्गाच्या रात्री साडेदहाला त्यानेच फोन लावला. शेठनी उचलला. 'पायरीपर्यंत आलंय, मारुतीला अजून लागलं नाही,' एवढं बोलून ठेवून दिला.